लाळेतून फिटच्या औषधांची लेव्हल तपासणं

अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार असलेल्या पेशंटच्या अंगात औषध किती आहे हे रक्ताऐवजी तोंडातल्या लाळेवरून मोजायची ही पद्धत. यावर १९७० च्या दशकापासून संशोधन चालू आहे, काही औषधांसाठी ती चांगली भरवशाची ठरलीय, पण आपल्याकडे डॉक्टरांनी लेव्हल करायला सांगितली की अजूनही हातातून रक्तच काढलं जातं, आणि ज्या लहान मुलांना वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायच्यात त्यांच्यासाठी तरी हे बदलायला पाहिजे.

लेव्हल मुळात बघायची कशाला, तर फिटच्या काही औषधांमधे कमी पडणं आणि जास्त होणं यातलं अंतर फार थोडं असतं. सगळ्यात अवघड फेनिटॉइन, आपल्याकडे एप्टॉइन नावाने घरोघरी माहीत असलेली गोळी, १९३८ पासून वापरात आहे. लिव्हर हे औषध एका मर्यादेपर्यंतच मोडू शकतं, त्यामुळे ३०० मिलिग्रॅमचा डोस ४०० केला तर लेव्हल एक तृतीयांशाने नाही तर कधीकधी दुपटीच्याही वर जाते, मग तोल जातो, बोलणं जड होतं, डोळ्यांची बुबुळं थरथरतात आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला.

आता लाळच का? रक्तातलं फेनिटॉइन साधारण ९० टक्के अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटलेलं असतं, मेंदूत जाऊन काम करतं ते उरलेलं १० टक्के मोकळं औषध. लाळेच्या ग्रंथींमधून प्रोटीन जवळपास येतच नाही, मोकळं औषध तेवढं पाझरतं, म्हणजे लाळेत जे सापडतं ते जवळजवळ कामाचंच औषध असतं. याचा खरा उपयोग कुपोषण, किडनीचा आजार किंवा प्रेग्नन्सी अशा वेळी, कारण तेव्हा अल्ब्युमिन कमी झालेलं असतं. समजा एका पेशंटची रक्तातली एकूण लेव्हल १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली आहे, त्यातलं मोकळं दीड. दुसऱ्याचं अल्ब्युमिन ४ वरून २ ग्रॅम प्रति १०० मिलीवर आलंय, मोकळा भाग १० ऐवजी २० टक्के झालाय आणि एकूण लेव्हल आहे फक्त साडेसात. नेहमीची रेंज १० ते २० धरतात, त्यामुळे दुसऱ्याचा रिपोर्ट 'कमी' येणार आणि डोस वाढवला जायची भीती, पण मोकळं औषध त्याचंही दीडच आहे, डोस बरोबरच आहे! लाळेत दोघांचा आकडा सारखाच यायला हवा.

सगळ्या औषधांना मात्र हे चालत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम यांचं लाळेतलं आणि रक्तातलं प्रमाण चांगलं जुळतं. फिनोबार्बिटॉनचंही जुळतं पण त्यात लाळ किती आम्लधर्मी आहे त्याने फरक पडतो, म्हणून आंबट काही चघळून लाळ सुटवली तर आकडा बिघडू शकतो. व्हॅल्प्रोएटसाठी ही पद्धत वापरूच नये, ते लाळेत फारच थोडं उतरतं आणि तेही बेभरवशाचं, आणि आपल्याकडे व्हॅल्प्रोएटवर असलेले पेशंट भरपूर आहेत म्हणून हे ठळक सांगायला हवं.

सॅम्पल घ्यायचं सोपं दिसतं पण चुका तिथेच होतात. सकाळचा डोस घ्यायच्या आधी, तोंड साध्या पाण्याने खळखळून धुऊन, थोडा वेळ थांबून मग डबीत एक-दोन मिली लाळ सोडायची, खाकरून बेडका काढायचा नाही. गोळी चावून खाल्लेली असेल किंवा सिरप घेतलेलं असेल तर औषधाचा अंश दातात-जिभेवर राहतो आणि रिपोर्ट भलताच जास्त येतो, अशा वेळी निदान दोन तास तरी जाऊ द्यायचे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर सॅम्पल घेऊ नये, आणि नेमकं फेनिटॉइननेच बऱ्याच जणांच्या हिरड्या सुजतात, वाढतात, त्यामुळे डबीत लालसर छटा दिसतेय का हे बघूनच पुढे जायचं. लॅबमधे लाळ सेंट्रिफ्यूजमधे फिरवून फेस आणि चिकट भाग खाली बसवतात आणि वरचं पातळ पाणी मशिनवर लावतात. मशिन बारीक प्रमाण पकडणारं लागतं, कारण फेनिटॉइन लाळेत रक्ताच्या साधारण दहावा भागच असतं, आणि म्हणूनच लाळेचा आकडा रक्ताच्या रेंजशी ताडून बघणं ही सरळ सरळ चूक आहे.

डोस बदलला की लगेच दुसऱ्या दिवशी लाळ देऊन उपयोग नाही, लेव्हल स्थिर व्हायला वेळ लागतो, फिनोबार्बिटॉनला तर दोन-तीन आठवडे. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईला दिवस गेले की लेव्हल बरीच खाली येते आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत परत चढते, म्हणजे या काळात पुन्हा पुन्हा तपासणी लागते. तिथे घरच्या घरी डबीत लाळ घेऊन लॅबला पाठवता येणं ही फार मोठी सोय आहे, फक्त डबीवर पेशंटचं नाव, सॅम्पलची वेळ, शेवटचा डोस कधी घेतला आणि चालू असलेली सगळी औषधं लिहिलेली पाहिजेत.