तर्रीचं पोस्टमार्टम

मे महिन्यातली दुपार, बाहेर 45 अंश, आणि खालच्या मजल्यावरची नववीतली पोर स्टीलचा डबा घेऊन दारात उभी. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तर्री. तर्री म्हणजे तिची गोल्डफिश. रंग पोह्यांवर ओततात त्या तर्रीसारखा, म्हणून हे नाव.

"काका, कालपर्यंत मस्त फिरून राहिली होती. सकाळी पाहते तं उलटी तरंगून राहिली. काऊन मेली असंल?"

डबा थंडगार लागला. तिने तो सकाळपासून फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला होता आणि त्यावरून आईची बोलणीही खाल्ली होती. मी मात्र तिला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले. मेलेला मासा फार लवकर कुजतो आणि त्यातही कल्ले सगळ्यात आधी जातात. आपल्या उन्हाळ्यात तर काही तासांतच पाहण्यासारखं फारसं उरत नाही. फ्रीझरमध्ये ठेवला तर निराळाच घोळ: पेशींतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली जखम कुठली आणि बर्फाचा प्रताप कुठला ते ओळखू येत नाही. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, माफसूचं, म्हणजे पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जाणकारांची इथे वाण नाही. पण मासा गार, न गोठवलेला हवा आणि सोबत टाकीतलं पाणी वेगळ्या बाटलीत हवं. बाटली सगळेच विसरतात. तीही विसरली होती. तिला परत पिटाळलं.

ती येईपर्यंत मी तर्रीच्या कल्ल्यावरचं झाकण कात्रीने उचललं. माशाला दोन्ही बाजूंना चार-चार कल्ल्यांच्या कमानी असतात. प्रत्येक कमानीवर कंगव्याच्या दातांसारखे तंतू, आणि प्रत्येक तंतूवर कागदाहून पातळ पापुद्रे. रक्त आणि पाणी यांच्यात पडदा तेवढाच. माशाचं फुप्फुस तेच आणि मूत्रपिंडाचं बरंचसं कामही तिथेच चालतं, कारण अंगातला अमोनिया मासा लघवीतून कमी आणि कल्ल्यांतून जास्त टाकतो. तर्रीचे कल्ले लालभडक नव्हते. फिकट, सुजलेले आणि त्यांवर चिकट थर. एक तंतू काचपट्टीवर ठेवून माझ्या जुन्या मायक्रोस्कोपखाली धरला. गरगर फिरणाऱ्या बशीसारखा ट्रायकोडायना परजीवी नव्हता, डोक्यावर चार काळे ठिपके मिरवणारा डॅक्टिलोगायरस कृमीही नव्हता. अंगावर पांढरे दाणे नव्हते, म्हणजे इक नावाच्या रोगाची खूणही नाही. पापुद्रे मात्र जाड होऊन एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते.

एवढ्यावर निकाल देता येत नाही. कल्ले असे अमोनियाने सुजतात, क्लोरीनने सुजतात, परजीवींनीही सुजतात. शरीर सांगतं की घाव इथे बसला. कुणी घातला ते दुसरीकडे शोधावं लागतं.

बाटली आली, तशी उलटतपासणी सुरू झाली. बाकीच्या तिघी? जिवंत, पण तळाशी कलंडलेल्या. हे कामाचं. टाकीतल्या सगळ्याच एका तासात मेल्या असत्या तर मी आधी विषावर संशय घेतला असता. डास-झुरळं मारायच्या स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड असतात. माणसाचं शरीर ते चटकन मोडून टाकतं, माशाला ते तितकं जमत नाही, आणि टाकीचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पण स्प्रे मारलेला नव्हता. ऑक्सिजन? 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशाला 7.3. कमी खरा, पण पंप इन्व्हर्टरवर होता आणि गोल्डफिश या बाबतीत चिवट जात आहे. थंड पाण्यात ऑक्सिजन संपला की ती शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं चक्क अल्कोहोल करते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते! नागपूरच्या मे महिन्यात या कसबाचा उपयोग नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुकानदाराने फोनवर "निळं औषध टाका" सांगितलं होतं. नशीब, टाकलं नव्हतं. ते औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. बुरशीवर चालतं, पण ते टाकीतल्या उपकारी जिवाणूंनाही झोडपतं. आणि इथे नेमके तेच गायब होते, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

अमोनिया तपासायच्या किटच्या नळीत टाकीतलं 5 मिलिलिटर पाणी घेतलं, किटमधल्या दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हे आधी पोपटी झालं, मग गडद, आणि शेवटी तक्त्यावरच्या अखेरच्या चौकोनाशी जाऊन थांबलं: लिटरमागे 8 मिलिग्रॅम. पोर म्हणाली, "रंग तं मस्त आहे."

"मागच्या आठवड्यात टाकीला काय केलं?"

"काहीच नाही."

काहीच नाही असं कधी नसतं. कॅलेंडर काढलं. सोमवारी सगळे तीन दिवस लग्नाला वर्ध्याला गेले. निघण्याआधी आईने टाकी "चकाचक" केली, म्हणजे फिल्टरचा काळपट स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत रगडला. मागे राहिले आजोबा. मासे काचेशी तोंड लावून बघतात, म्हणजे भुकेलेच असणार, म्हणून त्यांनी दोन्ही वेळा चमचाभर खाऊ घातला.

त्या काळपट थरात टाकीचा जीव होता. तिथले नायट्रोसोमोनास जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं पुढे बरंच निरुपद्रवी नायट्रेट. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास असे जिवाणू वेगळे करून दाखवले, आणि ही दोन कामं दोन वेगळे जिवाणूच करतात असं त्यानंतर शंभरावर वर्षं मानलं गेलं. 2015 मध्ये दोन्ही कामं एकटीने उरकणारी नायट्रोस्पायरा सापडली, त्यातल्या दोन जाती चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत ते नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली धुवून जायला दोन मिनिटं पुरतात, आणि उरलेसुरले नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनच्या तावडीत सापडतात.

आता आजोबांचा हिशेब. सहा चमचे म्हणजे माझ्या काट्यावर साधारण 10 ग्रॅम. खाऊत 40 टक्के प्रथिनं धरली आणि प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन, तर 640 मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने उतरला, तरी 50 लिटरच्या टाकीत लिटरमागे 6 मिलिग्रॅमच्या वर. किट खोटं बोलत नव्हतं.

पण तेवढ्याच अमोनियावर दुसऱ्या एखाद्या टाकीतली गोल्डफिश तगली असती. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक विद्युतभारित, बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं भाररहित, कल्ल्यांतून सरळ आत शिरणारं. कुठलं किती हे पीएच (पाणी किती आम्ल की अल्क त्याचं माप) आणि तापमान ठरवतात. पीएच 7 आणि 25 अंशाला हजारात साधारण 6 रेणू घातक रूपात असतात. तर्रीच्या टाकीत पीएच 8.4 आणि पाणी 32 अंश. तिथे हजारात जवळजवळ 190. अमोनिया तोच, विष तीसपट.

पीएच इतका का चढला, याचं उत्तर घरातल्या कूलरला विचारा. उन्हाळ्यात आमच्या इमारतीत पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी पुरत नाही, वापरायला बोअर. बोअरचं पाणी जड. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तो पाणी उडून मागे राहिलेल्या क्षारांचा. टाकीचंही तेच होतं: कोरड्या हवेत रोज थोडं पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात, आपण वरून पुन्हा बोअर ओततो. महिनाभरात टाकीचा छोटा कूलर होतो.

त्या संध्याकाळी निम्मं पाणी बदललं. आदल्या दिवसापासून बादलीत हवा सोडून ठेवलेलं नळाचं पाणी माझ्याकडे होतं. खाऊ दोन दिवस बंद. थोडं खडे मीठही टाकलं, कारण आता नायट्राइटची पाळी येणार होती. नायट्राइट रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त चॉकलेटी होतं, आणि मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांच्या दारातच अडवतं.

मग मी माझ्या चार वर्षं जुन्या टाकीतला स्पंज काढला, खाली नेला आणि तिच्या टाकीवर धरून पिळला. चहासारखं तपकिरी पाणी धो धो आत पडलं. तिघी मासे दिसेनाशा झाल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"अजी, आता तं पुसली होती न मी टाकी!"