सोडा-व्हिनेगरचा फेस आणि नळावरचे पांढरे डाग
नळावरचे पांढरट डाग घरी निघत नाहीत, त्याला सफाईवाल्यांचं खास रसायनच लागतं, असं म्हणतात. या समजाला खतपाणी घातलं ते सोडा-व्हिनेगरच्या मिश्रणाने. फेस झकास येतो, पण व्हिनेगर आम्ल आणि सोडा त्याच्या उलट गुणाचा, त्यामुळे दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. डाग असतो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे पाण्यातून साचलेल्या क्षाराचा; तो नुसत्या आम्लात विरघळतो. व्यावसायिकांच्या बाटलीतही बहुधा आम्लच असतं. फरक इतकाच की ते त्याला वेळ देतात, आपण लगेच पुसतो. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, त्यात भिजवलेलं फडकं नळाला 20 मिनिटं गुंडाळा, मग घासून भरपूर पाण्याने धुवा. संगमरवरावर थेंबही नको, तोही कॅल्शियम कार्बोनेटच! आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.