वारेच्या गाठींमधील वृद्धिसंप्रेरक जनुकांची अभिव्यक्ती

मानवी वृद्धिसंप्रेरकाच्या कुळात पाच जनुके आहेत. १७ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर ती एकमेकांना लागून बसलेली असतात. त्यांपैकी जीएच१ हे जनुक मुख्यतः पीयूषिका ग्रंथीत काम करते. उरलेली चार, म्हणजे जीएच२, सीएसएच१, सीएसएच२ आणि सीएसएचएल१, प्रामुख्याने वारेत (अपरेत) सक्रिय होतात. वारेच्या पेशींपासून झालेल्या गाठीत ही जनुके कितपत चालू आहेत हे पाहिले, की गाठ कोणत्या जातीच्या पेशीची आहे आणि ती पेशी कितपत परिपक्व झाली होती, याचा अंदाज येतो. या विषयाचे महत्त्व एवढ्यापुरतेच आहे. गाठ वाढते ती या संप्रेरकांमुळेच, असा अर्थ त्यातून काढणे घाईचे ठरेल.

सीएसएच१ आणि सीएसएच२ ही दोन्ही जनुके एकच संप्रेरक बनवतात, ते म्हणजे ह्यूमन प्लासेंटल लॅक्टोजेन ऊर्फ एचपीएल. १९६२ साली जोसिमोविच आणि मॅक्लारेन यांनी त्याचे वर्णन केले. त्यात १९१ अमिनो आम्ले असतात आणि पीयूषिकेच्या वृद्धिसंप्रेरकाशी त्याचे साम्य सुमारे ८५ टक्के आहे. जीएच२ पासून बनणारे वारेचे वृद्धिसंप्रेरक तर पीयूषिकेतल्यापेक्षा जेमतेम १३ अमिनो आम्लांनी वेगळे असते, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईच्या रक्तात हळूहळू त्याचीच जागा घेते. एचपीएलची पैदास प्रचंड असते, तरीही यांतली जनुके मुळातच गळालेल्या काही गर्भारपणांत बाळ-बाळंतीण सुखरूप राहिल्याच्या नोंदी आहेत. मग एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

निरोगी वारेत एचपीएल दोन ठिकाणी सापडते. एक, वारेच्या बोटांसारख्या अंकुरांवरच्या बहुकेंद्रकी थरात, म्हणजे सिन्सिशियोट्रोफोब्लास्टमध्ये (ट्रोफोब्लास्ट म्हणजे वार घडवणाऱ्या पेशी). दोन, गर्भाशयाच्या भिंतीत शिरणाऱ्या मध्यम ट्रोफोब्लास्ट पेशींमध्ये. बहुकेंद्रकी थराला पेशी पुरवणाऱ्या कोवळ्या सायटोट्रोफोब्लास्टमध्ये मात्र ते जवळपास नसते. थोडक्यात, एचपीएल हे पेशी परिपक्व झाल्याचे लक्षण आहे.

गाठींमधले चित्र याला धरूनच आहे. द्राक्षगर्भात, म्हणजे वारेचे अंकुर द्राक्षांसारखे फुगलेल्या विकृत गर्भारपणात, एचसीजी हे वारेचे दुसरे संप्रेरक (गर्भारपणाच्या चाचणीत तपासतात तेच) भरमसाट वाढते, पण त्या मानाने एचपीएल कमी राहते. कोरिओकार्सिनोमात, म्हणजे ट्रोफोब्लास्ट पेशींच्या कर्करोगात, ही तफावत आणखी रुंदावते. तिथे कोवळ्या पेशींचीच गर्दी असते आणि बहुकेंद्रकी थर नीट तयार होत नाही, त्यामुळे एचपीएलचा आरएनए (जनुक चालू असल्याची खूण असलेली त्याची प्रत) फार थोडा किंवा नसल्यासारखा आढळतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोरिओकार्सिनोमा पेशीही एचपीएलच्या बाबतीत कंजूषच आहेत. त्यांतली बीवो ही प्रसिद्ध पेशीमालिका पॅटिलो आणि गे यांनी १९६८ साली जाहीर केली. गे म्हणजे हेला ही प्रसिद्ध मानवी पेशीमालिका वाढवणारे जॉर्ज गेच. बीवो पेशींना फॉर्स्कोलिन दिले, की पेशीतले सायक्लिक एएमपी हे संदेशवाहक रसायन वाढते, पेशी एकमेकींत विरघळून बहुकेंद्रकी होतात आणि संप्रेरके बनवण्याचे त्यांचे काम वाढते. हे फॉर्स्कोलिन कोलियस वनस्पतीच्या मुळांतले. १९७० च्या दशकात ते वेगळे करण्यात मुंबईत मुलुंडला असलेल्या हेक्स्ट संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता.

एचपीएलची खरी मातब्बरी दिसते ती प्लासेंटल साइट ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर या दुर्मीळ गाठीत. १९८१ साली स्कली आणि यंग यांनी तिला हे नाव दिले. त्याआधी तिला निव्वळ गाठीसारखा दिसणारा, निरुपद्रवी प्रकार समजत. ही गाठ मध्यम ट्रोफोब्लास्टची असते आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, अनियमित रक्तस्रावाने लक्षात येते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे एकेक करून फाकवत घुसलेल्या दिसतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत गुलाबी फायब्रिनसदृश द्रव्य भरलेले असते. एचपीएलविरोधी प्रतिपिंड लावला, की बहुतेक पेशी गडद तपकिरी होतात, तर एचसीजीचा रंग इथे-तिथे तुरळक उमटतो. कोरिओकार्सिनोमात याच्या नेमके उलट.

पण एचपीएल दिसले म्हणून निदान पक्के होत नाही. गर्भारपणानंतर वार चिकटलेल्या जागी मध्यम पेशींचा निरुपद्रवी अतिरेक होतो, त्यातही एचपीएल भरपूर असते. तिथे विभाजनाचा वेग दाखवणारी केआय-६७ चाचणी कामी येते: निरुपद्रवी प्रकारात ती जवळजवळ शून्य, तर गाठीत सहसा १० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. एपिथेलिऑइड ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर ही मध्यम ट्रोफोब्लास्टचीच दुसरी गाठ वेगळी काढायला पी६३ या प्रथिनाची चाचणी लागते. तिच्यात पी६३ ठळक आणि एचपीएल तुरळक असते.

हा भेद उपचारात उतरतो. कोरिओकार्सिनोमा औषधांना चांगली दाद देतो. १९५६ साली ली आणि हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने तो आटोक्यात आणल्याचे दाखवले होते. एचपीएलने भरलेली मध्यम पेशींची गाठ औषधांना त्या मानाने कमी जुमानते, म्हणून ती गर्भपिशवीपुरती असेल तर पिशवी काढणे हाच मुख्य उपाय. पाठपुराव्यासाठी मात्र रक्तातले एचपीएल भरवशाचे नाही. तिथे कमी प्रमाणात का असेना, एचसीजीच मोजतात.