रेणू आधी, कसोटी मागून : रंगांच्या कारखान्यांतून आलेल्या औषधांची पार्श्वभूमी

प्रयोगशाळेत शेकडो संयुगे तयार करायची, रोगाची लागण केलेल्या प्राण्यांवर ती तपासायची, त्यांतली निवडक पुढे माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत न्यायची, ही औषधसंशोधनाची रीत आज इतकी रुळली आहे की ती कुठून आली असा प्रश्नही सहसा पडत नाही. तिचे मूळ वैद्यकात कमी आणि कापड रंगवण्याच्या धंद्यात जास्त सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सुमारे शंभर वर्षांची ही वाटचाल बहुधा भाग्यवान शोधांची मालिका म्हणून सांगितली जाते: कुणाला अपघाताने रंग मिळाला, कुणाला बशीत बुरशी दिसली. या घटना खऱ्याच आहेत, तरी त्या जवळून पाहिल्या की दुसरीच गोष्ट ध्यानात येते. उपयोगी पदार्थ अनेकदा आधीच हाताशी होता, कधी तर वर्षानुवर्षे पडून होता. तो ओळखणारी कसोटी मात्र तयार झालेली नव्हती.

सुरुवात हिवतापापासून होते. सिंकोनाच्या सालीने ताप उतरतो हे युरोपला सतराव्या शतकापासून ठाऊक होते आणि १८२० मध्ये पॅरिस येथे पेलेतिए आणि काव्हांतू यांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे केले. साल दक्षिण अमेरिकेतून आणावी लागे आणि मागणी वाढत होती, त्यामुळे क्विनीन कृत्रिम रीतीने बनवण्याची ओढ रसायनशास्त्रज्ञांना लागली यात नवल नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान यांच्या हाताखाली शिकणाऱ्या १८ वर्षांच्या विल्यम हेन्री पर्किनने १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरातल्या प्रयोगशाळेत तो प्रयत्न केला. कागदावर त्याचे गणित चोख होते. अलाइल टोल्युइडीनचे दोन रेणू घेऊन त्यांत ऑक्सिजनची भर घातली आणि एक रेणू पाणी वजा केले, तर उरलेल्या अणूंची बेरीज बरोबर क्विनीनच्या सूत्राएवढी येते. मात्र रेणूत कोणते अणू किती आहेत एवढेच तेव्हा कळत असे, ते एकमेकांना कसे जोडले आहेत हे कळत नसे. बेंझीनच्या वलयाची केकुलेंची कल्पना यायला अजून नऊ वर्षे होती. पर्किनच्या हाती तांबूस तपकिरी गाळ आला. त्याने तोच प्रयोग साध्या ॲनिलीनवर करून पाहिला, तेव्हा काळा गाळ मिळाला, आणि अल्कोहोलमध्ये त्याचा काही भाग विरघळून द्रव जांभळा झाला. विशेष म्हणजे शुद्ध ॲनिलीन घेतले असते तर हा रंग मिळाला नसता. कोळशाच्या डांबरापासून बनवलेल्या त्या ॲनिलीनमध्ये टोल्युइडीन मिसळलेले होते आणि रंगाचा रेणू त्या दोहोंच्या संयोगातून घडला होता. रेशमावर तो पक्का बसतो असे दिसल्यावर पर्किनने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी कारखाना उभारला.

दिव्यांसाठी कोळशापासून वायू बनवताना मागे राहणारे डांबर तोवर बहुतांशी टाकाऊ समजले जाई. आता तोच कच्चा माल झाला. या धंद्यात पुढाकार लवकरच जर्मनीकडे गेला. बायर आणि हेक्स्ट या कंपन्या १८६३ मध्ये, तर बीएएसएफ १८६५ मध्ये सुरू झाली. पगारी रसायनशास्त्रज्ञांच्या तुकड्या नेमून एका रेणूचे एकामागून एक फेरफार करून पाहणे आणि जे जमले त्याचे पेटंट घेणे, ही शिस्त या कारखान्यांनी लावली. त्यातून १८८० च्या दशकात ताप आणि वेदना कमी करणारी औषधेही निघू लागली. बायरने फेनॅसिटीन आणले आणि १८९९ मध्ये ॲस्पिरिन. मात्र ही औषधे लक्षणे शमवणारी होती. रोगाचे मूळ कारण असलेल्या जंतूला गाठून मारणारा रेणू ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली.

ती वाट सूक्ष्मदर्शकाखालून गेली. पाउल एर्लिख विद्यार्थी असल्यापासून नव्या कृत्रिम रंगांनी पेशी रंगवून पाहत होते. एकच रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला स्पर्शही करत नाही, असे का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नाच्या उत्तरात गेले असे म्हटले तरी चालेल. बीएएसएफमधील हाइनरिख कारो यांनी १८७६ मध्ये बनवलेला मेथिलीन ब्लू हा रंग जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडला असता मज्जातंतू निळे होतात, असे एर्लिख यांनी दाखवले. हाच रंग हिवतापाच्या परजीवीलाही धरतो. रंग जर परजीवीला चिकटतो आणि भोवतालच्या पेशींना फारसा चिकटत नाही, तर तो परजीवीला मारून रुग्णाला वाचवू शकेल, हा तर्क बांधून १८९१ मध्ये बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयात एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिला. दोघांचाही ताप गेला.

एवढे यश मिळूनही काम तिथेच थांबले, आणि ते का थांबले हे महत्त्वाचे आहे. माणसाचा हिवताप उंदराला किंवा सशाला होत नाही. मेथिलीन ब्लूपेक्षा चांगला रंग शोधायचा तर प्रत्येक नवा रंग माणसावरच तपासावा लागला असता. म्हणून एर्लिख ट्रिपॅनोसोम या परजीवींकडे वळले, कारण त्यांची लागण उंदरांना करता येते. जपानहून आलेल्या कियोशी शिगा यांच्यासोबत शेकडो रंग तपासून १९०४ मध्ये त्यांनी उंदरांना बरे करणारा ट्रिपॅन रेड हा रंग निवडला. औषध म्हणून तो टिकला नाही, पण लागण झालेल्या प्राण्यांवर रसायनांची रांग तपासत जाण्याची पद्धत टिकली.

पुढे आर्सेनिकची संयुगे आली. ॲटॉक्सिल नावाचे संयुग ट्रिपॅनोसोमांवर चालते असे लिव्हरपूलमध्ये १९०५ मध्ये दिसले होते, मात्र ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालून अंधत्व आणत असे. त्याची तोवर मानलेली रचनाच चुकीची आहे, असे एर्लिख आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी १९०७ मध्ये सिद्ध केले. खऱ्या रचनेत अमिनो गट मोकळा होता, म्हणजे तिथून रेणूत हवे तसे बदल करता येणार होते. फ्रँकफर्टच्या गेओर्ग श्पायर हाउसमध्ये मग क्रमांक घातलेल्या संयुगांची रांग लागली. त्यांपैकी ६०६ क्रमांकाचे संयुग पहिल्या तपासणीत निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले गेले होते. १९०५ मध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमान यांनी उपदंशाचा जंतू शोधला, पुढे सशांना त्याची लागण करता येऊ लागली, आणि या तंत्रात निष्णात असलेले साहाचिरो हाता १९०९ मध्ये फ्रँकफर्टला आले. त्यांनी जुनी संयुगे नव्या कसोटीवर पुन्हा लावली, तेव्हा टाकून दिलेले ६०६ सर्वांत गुणकारी निघाले. हेक्स्टने ते १९१० मध्ये साल्व्हरसान या नावाने बाजारात आणले.

साल्व्हरसान वापरणे सोपे नव्हते. ही पिवळी पूड हवा लागली की बिघडे, म्हणून ती बंद काचनळीत येई. डॉक्टरने ती ऐनवेळी विरघळवून, अल्कलीने आम्लता घालवून, लगेच टोचायची. त्यात चूक झाली तर रुग्णाला मोठी इजा होई. १९१२ मध्ये आलेल्या निओसाल्व्हरसानने हा त्रास थोडा कमी केला. एर्लिख यांनी मांडलेली साल्व्हरसानची रचनाही नेमकी नव्हती. आर्सेनिकचे अणू त्यात जोडीने नसून तीन आणि पाच अणूंच्या वलयांत बांधलेले असतात, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. रचना चुकली तरी औषध सापडले, कारण कसोटी बरोबर होती.

हिवतापाची अडचण अखेर पक्ष्यांनी सोडवली. एर्लिख यांच्याकडे काम केलेले आणि नंतर बायरमध्ये गेलेले विल्हेल्म रोएल यांनी हिवतापाची लागण केलेल्या कॅनरी पक्ष्यांवर मेथिलीन ब्लूपासून पुढे विकसित केलेली संयुगे तपासली. त्यातून १९२० च्या दशकाच्या मध्यात पॅमाक्विन हे हिवतापावरचे कृत्रिम औषध मिळाले.

याच कंपनीच्या एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक १९२७ पासून स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूविरुद्ध औषध शोधत होते. घशापासून रक्तापर्यंत कुठेही पसरणारा हा जंतू प्रसूतीनंतर स्त्रियांचे प्राण घेत असे, आणि जीवाणूंवर रसायनांचा शरीरात उपयोग होत नाही असेच बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. फ्रिट्झ मीट्श आणि योसेफ क्लारेर हे रसायनशास्त्रज्ञ संयुगे बनवत आणि डोमाक ती तपासत. डोमाक यांची कसोटी कठोर होती. प्राणघातक मात्रेत जंतू टोचलेल्या उंदरांपैकी काहींना औषध द्यायचे, काहींना द्यायचे नाही, आणि कोण जगते ते पाहायचे. डिसेंबर १९३२ मध्ये सल्फोनामाइड गट जोडलेल्या एका लाल रंगाने उंदीर वाचले; औषध न दिलेले मेले. परीक्षानळीत मात्र हा रंग त्याच जंतूंचे काहीच बिघडवत नव्हता. डोमाक यांनी आधी परीक्षानळीत गाळणी लावून उरलेलीच संयुगे उंदरांना दिली असती, तर प्रॉन्टोसिल नावाने पुढे जगभर गेलेले हे औषध पहिल्याच पायरीवर बाद झाले असते. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी घटना वाटते.

निष्कर्ष १९३५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाअखेरीस पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील त्रेफुएल दांपत्य, नित्ती आणि बोव्हे यांनी कोडे उलगडले. शरीरात लाल रेणू तुटतो आणि खरे काम त्यातला सल्फानिलामाइड हा रंगहीन तुकडा करतो. रंग धरतो म्हणून औषध चालते, या चार दशकांच्या तर्काचा इथे शेवट झाला. सल्फानिलामाइड हे काही नवे संयुग नव्हते. व्हिएन्नाच्या पाउल गेल्मो यांनी ते १९०८ मध्येच बनवले होते. सत्तावीस वर्षे ते रंगनिर्मितीतील एक मधला पदार्थ म्हणून माहीत होते आणि त्या काळात प्रसूतिज्वराने किती स्त्रिया गेल्या याचा विचार मनाला चटका लावून जातो.

माणसांवरचा पुरावा लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातून आला. लिओनार्ड कोलब्रुक यांनी १९३६ मध्ये प्रॉन्टोसिल दिलेल्या प्रसूतिज्वराच्या ३८ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी तीन दगावल्या, आणि आधीच्या वर्षांतले मृत्यूचे प्रमाण याहून बरेच जास्त होते. पण ही तुलना मागच्या वर्षांशी होती, आणि जंतूची तीव्रताच त्या वर्षी कमी झाली असेल ही शंका उरत होती. स्वतः कोलब्रुकही याबाबत सावध होते. औषध दिलेला आणि न दिलेला असे दोन गट एकाच वेळी ठेवण्याची उंदरांसाठी रूढ झालेली शिस्त माणसांच्या बाबतीत अजून आली नव्हती.

सुरक्षिततेची कसोटी तर त्याहून मागे होती. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे पातळ औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. विक्रीपूर्वी त्याची चव आणि वास पाहिला गेला, विषारीपणा तपासला गेला नाही. शंभरावर माणसे मेली, त्यांत अनेक मुले होती. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा मागणारा अमेरिकेचा कायदा पुढच्याच वर्षी झाला.

पेनिसिलिनची कथा सर्वांना माहीत असल्याने इथे एकाच मुद्द्यापुरती घेतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये बुरशीचा परिणाम पाहिला आणि तिचा रस प्राण्यांना अपाय करत नाही हेही तपासले. मात्र जंतूंची लागण झालेल्या प्राण्याला तो देऊन पाहिला नाही. तो प्रयोग ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने २५ मे १९४० रोजी केला. स्ट्रेप्टोकोकस टोचलेल्या आठ उंदरांपैकी चारांना पेनिसिलिन दिले गेले. औषध न मिळालेले चारही उंदीर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मेले होते. कसोटी तीच होती, डोमाक यांनी वापरलेली.

माणसांसाठीची कसोटी क्षयरोगाच्या निमित्ताने पक्की झाली. अमेरिकेत १९४३ मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन महायुद्धानंतर ब्रिटनला फारच थोडे मिळत होते. सर्वांना पुरणार नाही तर ते कुणाला द्यायचे, हा निर्णय वैद्यकीय संशोधन परिषदेने सोडतीवर सोपवला. सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या आधारे गट ठरवून ते बंद पाकिटांत घातले; रुग्ण चाचणीसाठी स्वीकारल्यानंतरच पाकीट उघडायचे, म्हणजे डॉक्टरची आवडनिवड मध्ये येणार नाही. छातीची क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांनाही कोणत्या रुग्णाला औषध मिळाले हे सांगितले नव्हते. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या रुग्णांना आपण एका चाचणीचा भाग आहोत याची कल्पना दिली गेली नव्हती, ही गोष्ट आज कुणालाही मान्य होणार नाही आणि ती नोंदवायलाच हवी. १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी चार आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण मरण पावले होते.

दोन गट शेजारी ठेवल्यामुळे आणखी एक गोष्ट लपून राहिली नाही. औषध घेणाऱ्यांत पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने सुधारणा झाली आणि मग अनेकांची प्रकृती पुन्हा खालावली, कारण त्यांच्या शरीरातले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यूंचे अंतर बरेच घटलेले होते. जंतूंचा हा प्रतिकार दिसताच परिषदेने पुढची चाचणी हाती घेतली होती आणि स्ट्रेप्टोमायसिनसोबत पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल दिले असता जंतूंचा प्रतिकार पुष्कळ कमी होतो, असे तिच्यातून दिसले. क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत त्या चाचणीच्या आधारावर उभी राहिली.