लग्न झालं म्हणून गाडीचा विमा स्वस्त होत नाही

मे महिन्यात कुडाळपासून चिपळूणपर्यंत लग्नांची झुंबड, आणि मांडवात हमखास कुणीतरी नवऱ्यामुलाला सांगतो, "आता गाडीच्या विम्याचा हप्ता उतरतला हां!" ही समजूत खरी ठरते ती अमेरिकेत. तिथल्या बहुतेक राज्यांत विवाहितांना हप्ता कमी लागतो. मॅसॅच्युसेट्स आणि हवाईत मात्र कंपन्यांना तसं करता येत नाही.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तोही इंजिनावर. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला २०२२ पासून ३,४१६ रुपये, अधिक जीएसटी. मालक ब्रह्मचारी असो की चार पोरांचा बाप. बाकीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, वय, नोंदणीचं ठिकाण यांवर.

खरी गोची सासऱ्यांनी गाडी दिली की होते. त्यांचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत जावयाकडे येत नाही, ती मालकाची असते. गाडीची मालकी बदलली की १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवायचं. हळद उतरायच्या आत, म्हणा ना.