कृष्णविवरांचा ‘आवाज’ अंतराळातून आलेला नाही

‘कृष्णविवरांच्या टकरीचा आवाज ऐका’ ही क्लिप फोंडा-म्हापशाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर अधूनमधून फिरत असते. पण निर्वात पोकळीतून आवाज येत नाही. 14 सप्टेंबर 2015 रोजी लायगो या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रणेने टिपली ती अवकाशाचीच थरथर: यंत्रणेच्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनहून कितीतरी सूक्ष्म फरक. तिची वारंवारता कानाच्या टप्प्यातली, म्हणून ती स्पीकरवर वाजवता आली, एवढंच.

खरं सोनं शेवटच्या काही मिलिसेकंदांत आहे. विलीन झालेलं कृष्णविवर मंगेशीच्या घंटेसारखं घुमत शांत होतं. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार तो घुमार कोणत्या स्वरांचा आणि किती झपाट्याने विरणार, हे फक्त त्या विवराचं वस्तुमान आणि फिरकी (स्वतःभोवती फिरणं) यांवर ठरतं. जानेवारी 2025मध्ये टिपलेल्या अशाच एका टकरीच्या अतिशय स्पष्ट संकेतात दोन स्वर वेगळे ओळखता आले. दोन्हींवरून वेगवेगळी काढलेली वस्तुमान आणि फिरकी एकमेकांशी जुळली, म्हणजे सिद्धांत या कसोटीला उतरला.