मल्लविद्येचे नूतनीकरण (बडोदे)

अंगाला अंग भिडवून खेळायच्या झुंजविद्येत परक्या पद्धतींतले डाव, पकडी, नियम किंवा सरावाची रीत मुरवून घेणे म्हणजे मल्लविद्येचे नूतनीकरण. कुस्तीला ही देवघेव नवी नाही. आजची आपली कुस्तीच जुने मल्लयुद्ध आणि मुघलकाळात इराणकडून आलेली पेहलवानी यांच्या मिलाफातून घडली. बडोद्यात ही देवघेव विशेष नजरेत भरते. मोढेऱ्याचे जेठी मल्ल, गायकवाडांच्या पदरचे अरब शिपाई, मराठी आखाडे आणि व्यायामावर ग्रंथ काढणारी मंडळी एकाच गावात होती.

जेठी म्हणजे ज्येष्ठीमल्ल. त्यांच्या परंपरेचा ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ भोगीलाल सांडेसरा आणि र. ना. मेहता यांनी संपादित केला आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला. वज्रमुष्टी ही या मल्लांची खास झुंज होती. शिंगाचे किंवा हस्तिदंताचे दातेरी आयुध मुठीत घालून प्रहार करायचे आणि त्याच दमात पकडी घालून खाली आणायचे, असा हा प्रकार. १८६०च्या दशकात खंडेराव महाराजांच्या दरबारी आलेल्या लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने अशा झुंजीचे रक्तबंबाळ वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे बडोद्यात ती मागे पडली. म्हैसूरला दसऱ्याच्या दिवशी जेठी अजून वज्रमुष्टी खेळतात, पण पहिले रक्त दिसले की झुंज थांबवतात. प्रहार आणि पकड एकत्र बांधणारी इतकी जुनी देशी पद्धत हातातून जावी, ही हळहळण्यासारखीच गोष्ट आहे. तिचे कारण मात्र तिच्या रचनेतच होते. जो प्रहार जोडीदारावर पूर्ण ताकदीने करता येत नाही, त्याचा रोज सराव होत नाही. आणि रोजच्या सरावावाचून डाव अंगात उतरत नाही.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात नूतनीकरणाचा पुढचा टप्पा दिसतो. जुम्मादादा मुसलमान उस्ताद. त्यांची गादी मराठी शिष्य गजानन यशवंत तांबे, म्हणजेच राजरत्न प्रो. माणिकराव, यांनी चालवली. माणिकरावांनी कुस्ती आणि मल्लखांब यांच्या जोडीला लाठी, जंबिया, बिनोट आणि बंदेश असे प्रकार शिकवले. जंबिया हे मूळचे अरबांचे वाकडे खंजीर. शस्त्रधारी माणसाचा हात नि:शस्त्राने धरावा, मुरगळावा आणि हत्यार काढून घ्यावे, हा बंदेशचा गाभा. कुस्तीगीर मनगट धरतो ते पुढच्या डावासाठी. बंदेशवाला धरतो ते पाते आपल्या अंगापासून दूर ठेवण्यासाठी. धरणारे बोट तेच, पण नजर आणि पायांची जागा वेगळी. योगाभ्यासक स्वामी कुवलयानंद यांनी माणिकरावांकडेच १९०७ ते १९१० या काळात शिक्षण घेतले. पुढे १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली.

माणिकरावांची सर्वांत मोठी उसनवारी डावांची नव्हे, कवायतीची. पलटणीतली सांघिक शिस्त त्यांनी घेतली, हुकूम देशी भाषेत आणले आणि शेकडो मुलांना एका तालावर व्यायाम शिकवला. लाठीला हे फार मानवले. कुस्तीला तितके नाही, कारण कुस्ती हुकमावर होत नाही. समोरचा काय करतो ते हाताला कळावे लागते आणि त्यासाठी जोडच लागते. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात निघाला. उस्तादाच्या तोंडी असलेली विद्या त्यामुळे छापील मराठीत आली. तेही नूतनीकरणच, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ.

तुलनेसाठी जपानकडे पाहावे लागते. जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येच्या दोन शाळांचे शिक्षण घेऊन १८८२ साली कोदोकान ही जुदोची शाळा स्थापली. इजा करणारे प्रकार त्यांनी ठरावीक हालचालींच्या ‘काता’त ठेवले आणि उरलेल्यांचा मोकळा सराव, ‘रांदोरी’, हा शिक्षणाचा कणा केला. वज्रमुष्टीला जे साधले नाही ते इथे साधले. फुकुशिमा नावाचा वजनदार सहाध्यायी काही केल्या पडेना, म्हणून कानोंनी पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकातून कतागुरुमा हा डाव काढला, अशी हकिगत सांगतात. आपल्या आखाड्यातला कलाजंग तो हाच. समोरच्याचा हात ओढून त्याच्या काखेखाली शिरायचे, दुसरा हात मांड्यांमधून घालायचा, त्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. जुदोत बाही आणि कॉलर धरायला मिळते. लंगोटावरच्या, घामाने निसरड्या अंगावर धरायला कापड नसते, म्हणून कुस्तीगिराला मनगट, दंड, मान आणि मांडी यांवरच भागवावे लागते. म्हणून जुदोचा डाव घेताना बाहीची पकड काखेखालच्या पकडीत बदलावी लागते. इतका बदल न करता उचललेला डाव दाखवायला बरा, लढायला कुचकामी.

मातीवरून मॅटवर जाताना हीच अडचण निराळ्या रूपाने आली. मऊ मातीत पाय रुततो, तिथे ताकद आणि दम चालतो. मॅटवर पाय सुटा राहतो आणि एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघतो. जुन्या निकाली कुस्तीत चितपट झाल्याशिवाय निकाल नसे. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांची मोजणी आणि दहा गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले, ते मॅटशी नुकती ओळख होत असताना. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तिथे नवे तंत्र शिकवले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मूळची मातीतली घडण सांभाळून परक्याकडून नेमके काय घ्यावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

उसने घेतलेले परत टाकलेही जाते. कंबरेखाली हात घालून पाय धरणाऱ्या चढाया वाढल्या आणि जुदोचे रूप कुस्तीसारखे दिसू लागले, म्हणून आंतरराष्ट्रीय जुदो महासंघाने २०१० साली त्यांवर निर्बंध घातले आणि २०१३ साली ते आणखी कडक केले. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कतागुरुमा घालायचा तर मांडीला हात न लावता घालावा लागतो. कुस्तीत कलाजंग मात्र पूर्वीसारखाच, मांडीला हात घालूनच, लागतो.